बॅटरीवर चालणारा आठ चॅनलचा ईईजी बोर्ड: जोडण्यापूर्वी हे वाचा

ईईजी म्हणजे डोक्यावरून घेतलेली मेंदूच्या विद्युत संकेतांची नोंद. हा बोर्ड कॉलेजच्या प्रयोगशाळांसाठी आणि संशोधन प्रकल्पांसाठी आहे, रुग्णाच्या निदानासाठी नाही. इलेक्ट्रोड डोक्यावर असताना चार्जर किंवा यूएसबी केबल कधीही जोडू नका. लॅपटॉप स्वतः बॅटरीवर असला तरी हा नियम पाळा.

डोक्याच्या त्वचेवर मेंदूचा संकेत साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा मिळतो. बोर्डावरची एडीएस१२९९ ही चिप २४ पट गेनवर (म्हणजे संकेत २४ पट मोठा करताना) ±१८७.५ मिलिव्होल्टपर्यंत झेलते, त्यामुळे इलेक्ट्रोडचा नेहमीचा डीसी ऑफसेट (त्वचेशी संपर्कातून येणारा स्थिर व्होल्टेज) तिला जड जात नाही. मात्र एक इलेक्ट्रोड सोन्याचा आणि दुसरा चांदीचा असे मिसळू नका. ऑफसेट वाढतो आणि रेषा सरकत राहते.

बॅटरी किती पुरते

चिप दर चॅनलला सुमारे ५ मिलिवॅट घेते. ब्लूटूथ आणि रेग्युलेटरमधली तूट धरून पूर्ण बोर्ड ९० मिलिवॅटच्या आसपास जातो. ५०० एमएएच बॅटरीवर १८ तास धरा. अ‍ॅम्प्लिफायरचा करंट कमी करून वीज वाचवायला जाल तर नॉइज वाढतो: थर्मल नॉइज निम्मा करायला करंट चौपट लागतो. म्हणून बचत दुसरीकडे करा. न वापरलेले चॅनल बंद ठेवा. ४० हर्ट्झपर्यंतच बघायचे असेल तर सेकंदाला २५० सॅम्पल पुरतात. तेवढा डेटा ५४ किलोबिटमध्ये जातो, १००० सॅम्पलना त्याच्या चौपट लागतो.

एक खोड मुद्दाम सांगायला हवी. ब्लूटूथचा कनेक्शन इंटरव्हल (दोन संपर्कांमधला वेळ) ३० मिलिसेकंद असेल तर रेडिओ सेकंदाला ३३ वेळा बॅटरीतून झटक्याने करंट ओढतो. सप्लाय नीट गाळलेला नसला की स्पेक्ट्रममध्ये (संकेतातल्या वारंवारतांच्या आलेखात) ३३ हर्ट्झला टोकदार रेषा उभी राहते आणि ती मेंदूची समजली जाते. इंटरव्हल बदलून बघा. रेषा जागा बदलते, तर ती रेडिओची.

इलेक्ट्रोड बसवताना

बिघाडाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच सापडते. तेल लावलेल्या केसांवर इलेक्ट्रोड बसत नाही, तेव्हा आदल्या दिवशी शाम्पूने केस धुवून यायला सांगा, कंडिशनर नको. केस बाजूला करून त्वचा घासण्याच्या जेलने हलके घासा, मग पेस्ट लावा. रेफरन्स (ज्याच्याशी बाकी इलेक्ट्रोडची तुलना होते तो) कानाच्या पाळीवर, बायस (शरीरावरची विजेची गुणगुण कमी करणारा) कपाळावर. इम्पिडन्स (इलेक्ट्रोड आणि त्वचेमधला विद्युत अडथळा) ५ किलोओहमखाली आणि सगळीकडे जवळपास सारखा हवा. तो असमान असला की दोन्ही इनपुटवर सारखीच आलेली ५० हर्ट्झची गुणगुण फरक म्हणून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरते. गुणगुण एकाच चॅनलवर दिसली तर तो इलेक्ट्रोड पुन्हा बसवा, आठही चॅनलवर दिसली तर आधी बायस आणि रेफरन्स तपासा. वायरी एकत्र वळून घ्या, सुट्या लोंबकळू देऊ नका.

चाचणी

सगळे इनपुट आपसात जोडा, गेन २४ ठेवा. १० सेकंदांत शिखर ते शिखर नॉइज १ मायक्रोव्होल्टच्या आसपास यावा. त्याहून बराच जास्त आला तर दोष बोर्डात किंवा सप्लायमध्ये आहे. आम्हाला रेकॉर्डिंगसह कळवा. मग ओ१ आणि ओ२ वर (डोक्याच्या मागच्या बाजूच्या दोन जागा) इलेक्ट्रोड लावून माणसाला डोळे मिटायला सांगा. बहुतेकांत १० हर्ट्झच्या आसपासची अल्फा लय काही सेकंदांत दिसते आणि डोळे उघडताच दबते.

काम झाल्यावर इलेक्ट्रोड साध्या कोमट पाण्यात लगेच धुवा. सुकलेली पेस्ट तारेच्या ब्रशने खरवडली तर सिल्व्हर क्लोराइडचा थर निघतो आणि पुढच्या वेळी रेषा तरंगत राहते.