अर्धा र (ऱ्), लिनक्सवरील मराठी-कन्नड मजकुरातील

य आणि ह यांच्याआधी येणारे मराठीतील र चे आडवे अर्धे रूप. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील अर्थभेद त्यावरच उभा आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात लग्नपत्रिका आणि द्विभाषिक फलक यांचा मजकूर एकाच संगणकावर जुळवताना हे अक्षर दोन्ही लिप्यांमध्ये अडते.

युनिकोड या जागतिक अक्षर-संकेतावलीतील ऱ (०९३१) हे स्थान मुळात द्राविडी भाषांतील कठोर र साठी असावे. त्याचे अर्धे रूप मराठीला देण्याची रीत १९९१ च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या संगणकीय मानकाला धरून आहे. दुसरी रीत म्हणजे र, पायमोड (्) आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे (२००डी) हे न दिसणारे चिन्ह. ती युनिकोड २.० शी सुसंगती राहावी म्हणून मान्य आहे. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, पण साधा शोध एकाने दुसरे पकडत नाही. नव्या मजकुरासाठी पहिली रीतच ग्राह्य धरावी. तिसरा प्रकार म्हणजे र आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब). हे ऱ चेच विघटित रूप असल्याने एनएफसी सामान्यीकरणाने (सुटी चिन्हे जोडून एकच अक्षर करण्याच्या युनिकोडच्या रीतीने) पूर्ववत होते. झेडडब्ल्यूजेच्या रूपाला मात्र एनएफसी हात लावत नाही.

बिघाड कुठे आहे ते लक्षणावरून कळते. डोक्यावर रफार आला तर टंकनात चूक आहे. नुक्त्याचा र पायमोडासह सुटा दिसला, तर फॉन्टमध्ये अर्धे रूपच नाही. एफसी-मॅच या फॉन्ट शोधणाऱ्या आदेशाला भाषा मराठी सांगून कोणता फॉन्ट निवडला जातो ते पाहावे. खात्रीसाठी शब्द हेक्सडंप या बाइट दाखवणाऱ्या आदेशातून काढावा. यूटीएफ-८ मध्ये ऱ म्हणजे ई० ए४ बी१, साधा र म्हणजे ई० ए४ बी०, पायमोड ई० ए५ ८डी आणि झेडडब्ल्यूजे ई२ ८० ८डी. जुन्या फाइलची प्रत ठेवून सेड या शोधून बदलणाऱ्या आदेशाने ‘र, पायमोड, झेडडब्ल्यूजे’ या तिकडीच्या जागी ‘ऱ, पायमोड’ घालावे. सरसकट ‘र्य’ चा ‘ऱ्य’ कधीही करू नये. सूर्य, कार्य, आचार्य सगळेच बिघडतात.

इनस्क्रिप्ट या कळफलकाच्या मांडणीत ऱ्य साठी शिफ्टसह जे, मग डी, मग तिरकी रेघ. कगप ही उच्चारानुसारी मांडणी मराठी आणि कन्नड दोन्हींसाठी मिळते; तिच्यात दोन्हीकडे पाय एफ ने मोडतो, त्यामुळे कन्नड टंकनाची सवय असलेल्या बोटांना ती सोपी जाते.

लिप्यंतरात अडचण वाढते. दोन्ही लिप्यांची युनिकोडातील मांडणी इस्कीच्या क्रमावर बेतलेली असल्याने बहुतेक अक्षरांत नेमके ८९६ स्थानांचे अंतर आहे. म्हणून लिप्यंतराच्या काही छोट्या आज्ञावली (स्क्रिप्ट) नुसती बेरीज-वजाबाकी करतात. मराठी ऱ त्या हिशेबाने जुन्या कन्नडमधील, आज वापरात नसलेल्या कठोर र वर जाऊन पडतो; आधी ऱ चा र करून मगच बेरीज करावी. उलट दिशेने कन्नडचा ऱ्हस्व ए मराठीत नसलेल्या ०९४६ या मात्रेवर येतो. ‘बेळगावी’ मधला पहिलाच स्वर ऱ्हस्व असल्याने हा दोष तिथे लगेच दिसतो. मात्रा ०९४७ करून घ्यावी.

कन्नडमध्येही र नंतरच्या पायमोडाने रफारासारखे चिन्ह, अर्कावत्तू, तयार होते. ते टाळून र पूर्ण ठेवायचा असेल, जसे रॅली, रँक या शब्दांच्या कन्नड लेखनात, तर झेडडब्ल्यूजे पायमोडाच्या आधी द्यावा लागतो. देवनागरीत तो नंतर येतो. एका लिपीतला क्रम दुसरीत तसाच नेला की अक्षर तुटते.

लिबरऑफिसमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही एकाच ‘जटिल मजकूर’ गटात मोडतात, म्हणून फॉन्टही एकच धरला जातो. देवनागरी फॉन्टमध्ये कन्नड अक्षरे नसली की पर्यायी फॉन्ट येतो आणि ओळींची उंची बदलते. दोन्ही भाषांसाठी वेगळ्या अक्षरशैली करून प्रत्येकीत फॉन्ट आणि भाषा नेमाव्यात.

जुन्या मॅकवरून आलेल्या फाइलनावांत ऱ बहुधा विघटित असतो. ती कॉन्व्हएमव्ही या फाइलनावांचे संकेतन बदलणाऱ्या आदेशाने एनएफसीत आणता येतात. हा आदेश आधी नुसती चाचणी दाखवतो, प्रत्यक्ष बदलासाठी ‘नोटेस्ट’ हा पर्याय द्यावा लागतो.