अहिल्याबाईंची शिदोरी सासूकडूनही आली

अहिल्याबाई होळकरांना घडवलं ते सासऱ्यांनीच, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. मल्हाररावांचा वाटा मोठा आहेच. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात अहिल्याबाईंचे पती खंडेराव पडले, तेव्हा सती जाणाऱ्या सुनेला त्यांनीच अडवलं. पण 'सासऱ्यांनीच' यातला च खोटा आहे. सासूबाई गौतमाबाई या कथेतून पार गळून जातात.

गौतमाबाई खानदेशातल्या तळोद्याच्या बारगळांची लेक. मल्हारराव लहानपणी तिथेच, मामाकडे वाढले आणि मामाची मुलगीच त्यांनी केली. (म्हणजे गौतमाबाईंना सासू मिळाली ती सख्खी आत्याच!)

आता मुद्द्याचं. 1734 मध्ये पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर दिली, सुमारे 3 लाख रुपये उत्पन्नाची. दौलतीचा, म्हणजे राज्याचा हिशेब वेगळा, खासगीचा वेगळा. तिच्यावर हुकूम चालायचा बाईंचा. घरात आलेली लहानगी सून कारभाराचे पहिले धडे सासूच्या हाताखाली गिरवत होती, असं परंपरा सांगते. 1761 मध्ये गौतमाबाई गेल्या आणि ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून रामेश्वरापर्यंतची देवळं, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं सरकारी तिजोरीतून झाली हा समजही इथेच ढासळतो. त्यांच्या दानधर्माचा मोठा आधार ही खासगीच होती.

सासू-सुनेत प्रेमाचे कोणते शब्द झाले, ते कागदांत शोधू नये. खजिना मात्र एकीकडून दुसरीकडे गेला, आणि सुनेने तो एकट्या इंदूरपुरता ठेवला नाही.