काचेची पेढी: कोलंबसमधल्या एका घरच्या बँकेची पार्श्वभूमी

पुण्यात ‘कमिन्स’ हा शब्द कुणाला कर्वेनगरच्या मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजमुळे माहीत असतो, कुणाला कोथरूडच्या कारखान्यामुळे. त्या कंपनीच्या कामासाठी अमेरिकेला जाऊन आलेली माणसं ‘कोलंबसला होतो’ म्हणतात आणि ऐकणारा हमखास ओहायोतलं मोठं कोलंबस समजतो. हे ते नव्हे. हे इंडियाना राज्यातलं, आजही पन्नासेक हजार वस्तीचं गाव. तिथे वॉशिंग्टन स्ट्रीट आणि पाचव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक बसकी, काचेच्या भिंतींची इमारत उभी आहे. एरो सारिनेन या वास्तुकाराने ती १९५४ साली अर्विन युनियन बँकेसाठी बांधली. आधुनिक वास्तुकलेच्या पुस्तकांत तिचे फोटो असतात आणि काचेचं, हलक्या छताचं कौतुक असतं. पण ही इमारत अशी का झाली, हे काचेकडे पाहून कळत नाही. त्यासाठी आधी एका कापडाच्या दुकानात शिरावं लागतं.

ते दुकान जोसेफ अर्विन यांचं. आसपासचे शेतकरी त्यांच्याकडे खरेदीला येत. दुकानात भक्कम तिजोरी होती आणि मालकाच्या शब्दावर लोकांचा विश्वास होता, त्यामुळे हातातली रोकड ‘तुमच्याकडेच राहू द्या’ म्हणून ठेवून जाण्याचा रिवाज पडला. त्यातूनच १८७१ मध्ये अर्विन यांची बँक सुरू झाली. आपल्याकडे कितीतरी पेढ्या अशाच जन्मल्या: आधी दुकान, मग ठेवी, मग पाटी. पुढे १९२८ मध्ये ही बँक युनियन ट्रस्ट कंपनीत मिसळली आणि तिला अर्विन युनियन हे जोडनाव मिळालं. सूत्रं मात्र घरातच राहिली.

या पेढीच्या पैशाला एक वेगळी वाट फुटली. जोसेफ यांचे चिरंजीव विल्यम यांच्या गाडीवर क्लेसी कमिन्स नावाचा ड्रायव्हर होता. गाडी चालवण्यापेक्षा ती उघडून बघण्यात त्याला जास्त रस. त्याच्या डिझेल इंजिनाच्या खटपटीवर विल्यम यांनी पैसे लावले आणि १९१९ मध्ये कमिन्स इंजिन कंपनी उभी राहिली. उभी राहिली खरी, पण चालेना. १९२९ च्या नाताळात क्लेसीने एका जुन्या पॅकार्ड गाडीत डिझेल इंजिन बसवलं आणि मालकांना फेरी मारून आणली. मालक पुन्हा भुलले, पुन्हा पैसे ओतले. कंपनीला पहिला नफा दिसायला १९३७ साल उजाडलं. अठरा वर्षं तोट्यातलं इंजिन पोसणं हे हिशेबी भागधारकांचं काम नव्हे. घरच्या पैशाचा हट्टच ते करू शकतो. आर्किटेक्चरच्या गोष्टीत हे अवांतर वाटेल, पण तसं ते नाही.

विल्यम अर्विन हे नेटी मिलर यांचे मामा. नेटी यांचा मुलगा जे. अर्विन मिलर (जन्म १९०९) येल आणि ऑक्सफर्डला शिकून गावी परतला आणि १९३४ मध्ये कमिन्समध्ये रुजू झाला. पुढे कारखाना आणि बँक या दोन्हींचा कारभार त्याच्याकडेच आला. म्हणजे पणजोबांची पेढी आणि आईच्या मामांचं इंजिन एकाच माणसाच्या ओंजळीत.

आधुनिक वास्तुकला या घरात आली ती मात्र चर्चच्या वाटेने. नव्या चर्चसाठी कुटुंबाने जागा आणि पैसा दिला, आणि काम फिनलंडहून अमेरिकेत आलेल्या एलिएल सारिनेन यांच्याकडे गेलं. १९४२ मध्ये पूर्ण झालेल्या त्या इमारतीवर ना कमानी ना कळसाची नक्षी. साध्या विटा-दगडांची चौकोनी भिंत आणि शेजारी सुटा उभा मनोरा. गावाने नाकं मुरडली असणारच. पण याच कामावर एलिएल यांचा मुलगा एरो वडिलांच्या हाताखाली होता. तो मिलरपेक्षा एका वर्षाने लहान आणि येलचाच. दोघांची गट्टी जमली. एरोने मिलर कुटुंबासाठी आधी कॅनडातल्या तळ्याकाठी सुट्टीचं घर केलं, नंतर कोलंबसमधलं राहतं घर. या दोन घरांच्या मधल्या काळात बँक येते.

त्या काळची अमेरिकन बँक डोळ्यांसमोर आणा. बाहेर ग्रीक देवळासारखे खांब, आत दगडी गारवा, आणि जाळीच्या पिंजऱ्यामागे बसलेला कॅशियर. इमारतीने सांगायचं ते एवढंच, की पैसा सुरक्षित आहे, तुम्ही जरा सांभाळून बोला. याला छेद देणारे प्रयत्न आधी झाले होते. वास्तुकार लुई सलिव्हन यांनी १९०८ मध्ये मिनेसोटातल्या ओवाटोना गावी बेनेट कुटुंबाच्या बँकेसाठी एक विटांची इमारत केली. रंगीत काचा, हिरवट सोनेरी नक्षी, एखादी दागिन्यांची पेटीच जणू. तेही मालकाच्या आवडीतून आलेलं काम. पण पेटी ती पेटीच. बंद आणि मौल्यवान दिसणं हाच तिचा धर्म.

एरो सारिनेन यांनी कोलंबसमध्ये पेटीचं झाकणच काढलं. चारी बाजूंनी जमिनीपासून छतापर्यंत काच, वर सपाट छप्पर आणि त्यातून डोकावणारे नऊ उथळ घुमट, तीन ओळींत तीन-तीन. आत एक मोकळं दालन, जाळ्या नाहीत, पिंजरे नाहीत. रस्त्यावरून जाणाऱ्याला आतलं कामकाज दिसतं आणि आतल्याला रस्ता. ऑफिसं मागच्या तीन मजली विटांच्या भागात ढकलली आणि मुख्य दालनाला तो भाग काचेच्या छोट्या मार्गिकांनी जोडला, म्हणजे काचेला पार्श्वभूमी म्हणून एक गप्प भिंत मिळाली. भोवतीची झाडं बागरचनाकार डॅन काइली यांनी लावली, आणि गजबजलेल्या बाजाररस्त्यावर ही इमारत बागेतल्या मंडपासारखी बसली. घुमटांवरून गावातल्या टवाळांनी तिला अंतर्वस्त्रांचा कारखाना म्हणायला सुरुवात केली. मला तर ही नव्या इमारतीला मिळालेली खरी पावती वाटते. देवळासारख्या बँकेची अशी थट्टा करायला कोण धजावलं असतं?

त्याच वर्षी, १९५४ मध्ये, न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर मॅन्युफॅक्चरर्स ट्रस्ट कंपनीची काचेची शाखा उघडली. स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या मोठ्या फर्मचं ते काम. तिथे तिजोरीचं अजस्र पोलादी दार काचेमागे, रस्त्यावरून दिसेल असं मांडलं होतं. काच दोन्हीकडे आहे, हेतू मात्र उलटे. महानगरात अनोळखी लोकांना तिजोरी दाखवावी लागते. कोलंबसमध्ये ठेवीदार आणि कारकून एकमेकांना नावाने ओळखत. तिथे दाखवायची ती माणसं. दुकानातल्या तिजोरीभोवती ज्या ओळखीवर बँक सुरू झाली, तिचंच हे काचेतलं रूप. आधुनिकतेचे सगळे इतिहास कारखाने, गगनचुंबी मुख्यालयं आणि सरकारी राजधान्यांभोवती फिरतात, त्यात ही गोष्ट निसटते.

या एका इमारतीने गावाची दिशा बदलली असं म्हणणं थोडं जास्त होईल, पण ती वेळ तीच होती. युद्धानंतर मुलं वाढली, शाळा कमी पडू लागल्या. मिलर यांच्या पुढाकाराने कमिन्सच्या प्रतिष्ठानाने शाळा मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवला: आम्ही सुचवलेल्या नामवंतांच्या यादीतून वास्तुकार निवडा, त्याची फी आम्ही देऊ. इमारतीचा खर्च नाही, फक्त फी. हॅरी वीज यांची पहिली शाळा १९५७ मध्ये झाली आणि मग रांगच लागली. शाळा, अग्निशमन केंद्रं, ग्रंथालय. वीज यांनी बँकेच्या शाखाही केल्या. १९९१ मध्ये अमेरिकन वास्तुकारांच्या संस्थेने वास्तुकलेसाठी देशातल्या शहरांची क्रमवारी लावली तेव्हा हे गाव सहावं आलं, शिकागो, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, बॉस्टन आणि वॉशिंग्टनच्या मागोमाग.

एरो सारिनेन हे सगळं पाहायला उरले नाहीत. १९६१ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या कचेरीतल्या केव्हिन रोश आणि जॉन डिंकेलू यांनी १९७३ मध्ये बँकेची मागची बाजू वाढवली आणि काचेच्या दालनाला धक्का लावला नाही.

सारिनेन गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली. किर्लोस्करांच्या बाजूने शंतनुराव होते. त्यांच्या वडिलांनीही बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली होती. दुकानातून कारखान्याकडे गेलेल्या दोन घराण्यांची ती भागीदारी. कोथरूडला तयार होणाऱ्या इंजिनांवरचं नाव त्या ड्रायव्हरचं आहे, हे त्या गेटमधून रोज आत जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल कुणास ठाऊक.

२००० मध्ये या बँकेच्या इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. मिलर २००४ मध्ये गेले. तोवर बँकेचा व्यवहार गावाबाहेर फार दूर पसरला होता, देशभरच्या गृहकर्जांपर्यंत, म्हणजे काचेतून न दिसणाऱ्या कर्जदारांपर्यंत. ती कर्जं बुडाली. १८ सप्टेंबर २००९ रोजी नियामकांनी बँक बंद केली आणि ठेवी दुसऱ्या बँकेकडे गेल्या. ओवाटोनाच्या बेनेट कुटुंबाचीही बँक अशीच, १९२० च्या दशकातल्या शेतीमंदीत, हातची गेली होती आणि सलिव्हन यांची इमारत मागे उरली होती.

कोलंबसमधल्या काचेच्या दालनाला गिऱ्हाईक मिळालं ते गावातच. कमिन्स कंपनीने ते विकत घेतलं आणि तिथे बैठका-परिषदांचं केंद्र केलं.