सिंधू संस्कृतीच्या तारखा मागे का सरकल्या?

पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी सिंधू संस्कृतीचा काळ इ.स.पू. २५०० ते १५०० असा धरला होता. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डी. पी. अग्रवाल यांनी कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) मोजून काढलेल्या तारखांच्या आधारे तो इ.स.पू. २३०० ते १७५० इतका आखडला. आज नागर टप्प्यासाठी इ.स.पू. २६०० ते १९०० ही वर्षे सर्वत्र दिली जातात. कोळशाचे जुने नमुने आणि त्यांची मोजणी आजही ग्राह्य आहे. मोजणीतून आलेल्या आकड्याचे वर्षांत रूपांतर कसे करायचे, हे मात्र मधल्या काळात पार बदलले.

विलर्ड लिबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागो विद्यापीठात १९४९ साली कार्बन-१४वरून वय काढण्याची ही पद्धत मांडली तेव्हा तिच्या पोटात एक गृहीतक होते: हवेतले कार्बन-१४चे प्रमाण हजारो वर्षे सारखेच राहिले आहे. वनस्पती जिवंत असेतो हवेतून कार्बन घेते, मेल्यावर ही भर थांबते आणि कार्बन-१४ ठरावीक गतीने घटत जातो. त्यामुळे उरलेला अंश मोजला की वय निघते. लिबींनी इजिप्तचा राजा जोसर याच्या थडग्यातल्या लाकडासारखे ज्ञात वयाचे नमुने तपासले. त्या काळच्या उपकरणांच्या मानाने उत्तरे चांगली जुळली. पण मोजणी सुधारली तशी इजिप्तच्या प्राचीन राजवटींचे नमुने सातत्याने काही शतकांनी ‘तरुण’ येऊ लागले. १९५८ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या हेसेल डी व्रीस यांनी हवेतले प्रमाणच बदलत आल्याचे दाखवले. सूर्याची सक्रियता आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त झाले की वातावरणात तयार होणारा कार्बन-१४ही कमी-जास्त होतो.

मग खरे वर्ष कळावे कसे? उत्तर झाडांत मिळाले. कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समधली ब्रिसलकोन पाइनची झाडे चार हजार वर्षांहून अधिक जगतात, आणि कोरड्या थंड हवेत त्यांचे मेलेले ओंडके आणखी हजारो वर्षे न कुजता पडून राहतात. दरवर्षीचे वलय पावसापाण्याप्रमाणे रुंद किंवा अरुंद. जिवंत झाडाच्या आतल्या वलयांचा नमुना जुन्या ओंडक्याच्या बाहेरच्या वलयांशी जुळवत मागे मागे जायचे. ॲरिझोना विद्यापीठातल्या वेस्ली फर्ग्युसन यांनी ही साखळी १९६९पर्यंत सात हजारांवर वर्षे मागे नेली. वलय एकदा बनले की त्यातला कार्बन त्या वर्षाचाच राहतो. म्हणजे खरे वर्ष मोजून ठाऊक असलेले लाकूड हाती आले. रसायनशास्त्रज्ञ हान्स स्यूस यांनी त्यातला कार्बन-१४ मोजून, मोजलेला आकडा आणि खरे वर्ष यांची सांगड घालणारा वक्र काढला, तोही हाताने, बारीकसारीक चढउतारांसह. अनेकांना ते चढउतार म्हणजे मोजणीतला गोंधळ वाटला. १९८६ साली मिंझे स्टायव्हर आणि गॉर्डन पियर्सन यांच्या काटेकोर मोजण्या छापून आल्या तेव्हा स्यूस यांचे म्हणणे खरे ठरले. या साऱ्या कथेत मला सर्वाधिक आदर त्यांच्याबद्दल वाटतो.

आजचा इंटकॅल२० हा वक्र ५५,००० वर्षांपर्यंत जातो. झाडे संपतात तिथून पुढे जपानच्या सुईगेत्सू सरोवरातले गाळाचे थर आणि चीनच्या हुलू गुहेतले चुनखडीचे स्तंभ कामी येतात.

एक उदाहरण. प्रयोगशाळेने ४००० ± ३० बीपी अशी तारीख दिली. बीपी म्हणजे १९५० सालापासून मागे. साधी वजाबाकी केली तर इ.स.पू. २०५०. वक्रावर ठेवली तर इ.स.पू. २५०० किंवा त्याहून थोडे आधी. साडेचारशे वर्षांचा फरक! हडप्पा संस्कृतीचा आरंभ मागे सरकला तो असा. मेसोपोटेमियात ऊरच्या राजथडग्यांत सापडलेले सिंधू घडणीचे कार्नेलियन (लालसर अकीक) मणी साधारण इ.स.पू. २५००च्या आसपासचे. १९६४च्या कालक्रमात ते अवघड जागी होते. दुरुस्त तारखांत त्यांचा मेळ सहज बसतो.

वक्र दर वेळी इतका उपकारी नसतो. इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात तो जवळजवळ सपाट आहे. २४५० बीपीच्या आसपासची तारीख आली की खरे वर्ष या साडेतीनशे-चारशे वर्षांत कुठेही असू शकते. आपल्याकडे विदर्भातल्या माहुरझरी, नायकुंड इथली लोहयुगीन शिलावर्तुळे नेमकी याच टापूत येतात. तिथे एकट्या कार्बन तारखेवरून पिढ्यांचा हिशेब मांडणे धाडसाचे आहे. थरांचा क्रम आणि खापरे यांची साथ घ्यावीच लागते.

जुने उत्खनन अहवाल वाचताना तारखेमागे ‘टीएफ’ अशी अक्षरे दिसतात. ती टाटा संस्थेच्या प्रयोगशाळेची खूण, आणि तिच्याशेजारी बहुधा कच्चा बीपी आकडा असतो. हा आकडा जपला गेला म्हणून साठ वर्षांपूर्वीचा नमुना आज ऑक्सकॅलसारख्या मोफत प्रणालीत घालून नव्या वक्रावर तपासता येतो. ज्या मराठी पुस्तकांत फक्त ‘इ.स.पू. अमुक’ एवढेच छापले आहे, तिथे ते वर्ष दुरुस्त आहे की कच्चे, हे कळायला मार्ग उरत नाही. लेखक-संपादकांनी प्रयोगशाळेचा क्रमांक आणि कच्ची तारीख न चुकता छापावी.