लेसर-प्लाझ्मा इलेक्ट्रॉन आणि कर्करोगावरील किरणोपचार: पार्श्वभूमी

लेसरने प्लाझ्मात (म्हणजे आयन आणि मोकळे इलेक्ट्रॉन झालेल्या वायूत) लाट उठवायची आणि तिच्यावर इलेक्ट्रॉन पळवायचे, ही कल्पना 1979 ची. तेवढा तीव्र लेसर तेव्हा नव्हता. 1985 मध्ये लेसरचा पल्स, म्हणजे क्षणभराचा झोत, ताणून, वाढवून पुन्हा आवळण्याचे तंत्र आले आणि मार्ग खुला झाला. तरीही जवळजवळ वीस वर्षे बाहेर पडत होती ती सगळ्या ऊर्जांची खिचडी. 2004 मध्ये तीन गटांनी साधारण 70 ते 170 एमईव्हीचे (एमईव्ही म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचे एकक), अरुंद ऊर्जापट्ट्याचे झोत दाखवले, तेव्हा किरणोपचारवाल्यांनी कान टवकारले.

रुग्णालयातल्या लिनॅकचा, म्हणजे किरणोपचाराच्या नेहमीच्या रेषीय प्रवेगकाचा, इलेक्ट्रॉन झोत 20 एमईव्हीच्या आसपास संपतो. उपयोगी डोस सहा-सात सेंटिमीटरपलीकडे जात नाही. 100 ते 250 एमईव्हीचे इलेक्ट्रॉन शरीराच्या आरपार जातात, बाजूला कमी फाकतात. लिनॅकमध्ये मीटरमागे काही कोटी व्होल्ट मिळतात, प्लाझ्मात 100 अब्जांच्या घरात. म्हणून प्रवेगाला काही मिलिमीटर वायूझोत पुरतो. ‘टेबलावर मावणारे यंत्र’ हे वर्णन इथूनच आले आणि ते अर्धेच खरे आहे: लेसर, पल्स आवळणारा कॉम्प्रेसर आणि निर्वात कक्ष यांना खोली लागते, शिवाय न्यूट्रॉन थोपवायला बंकरची भिंत जाडच हवी.

खरा घोळ 2014 नंतरचा, ‘फ्लॅश’ उपचाराचा. सेकंदाला 40 ग्रेपेक्षा (ग्रे हे डोसचे एकक) जास्त सरासरी वेगाने डोस दिला की निरोगी ऊतींची हानी कमी होते, असे उंदरांवर दिसले. लेसरचा पल्स फेमटोसेकंदांचा, त्यामुळे तात्कालिक डोस-रेट (डोसचा वेग) अफाट. लेसर-यंत्रांच्या प्रस्तावांमध्ये तोच आकडा मिरवला जातो. हिशेब मात्र साधा आहे. 150 एमईव्हीचा, 100 पिकोकूलॉम चार्जचा पल्स 1 चौरस सेंटिमीटरवर पसरला तर पाण्यात सुमारे 0.2 ग्रे मिळतो. 10 हर्ट्झला सेकंदाला 2 ग्रे. 10 ग्रेसाठी पाच सेकंद! 10 × 10 सेंटिमीटरच्या फील्डला, म्हणजे झोत पडायच्या भागाला, डोसचा वेग याच्या शंभराव्या हिश्शाइतकाच. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, ‘फ्लॅश’च्या पहिल्या रुग्णाच्या त्वचेवरील गाठीला 15 ग्रे 90 मिलिसेकंदांत दिले गेले, तेही नेहमीच्या पद्धतीने प्रवेगित इलेक्ट्रॉनांनी. ‘फ्लॅश’चा परिणाम नेमका कशामुळे होतो हा वाद मिटलेला नाही, तरी एकूण वेळ लपवून पल्सपुरता आकडा पुढे करणे पटण्यासारखे नाही. कळीचा मुद्दा आहे पल्सची वारंवारता आणि प्रत्येक पल्समधला चार्ज.

स्थैर्य सुधारले आहे. 2020 मध्ये एका युरोपीय यंत्राने 1 हर्ट्झला सलग एक लाख झोत दिले. ऊर्जा आणि दिशा तरीही पल्सगणिक हलते.

मोजणी त्याहून अवघड. लिनॅकमधला आयन चेंबर, म्हणजे झोताने हवेत तयार झालेले आयन गोळा करून डोस मोजणारा कक्ष, ठरलेला डोस झाला की झोत तोडतो. इथे एकाच क्षणी इतके आयन तयार होतात की गोळा होण्याआधीच ते पुन्हा जुळतात आणि चेंबर कमी डोस दाखवतो. किरणांनी काळी पडणारी फिल्म बरोबर सांगते, पण झोत देऊन झाल्यावर. म्हणून झोताभोवती टोरॉइड, म्हणजे तारेचे कडे, बसवून चार्ज मोजतात; लेसर वायूवर आदळताना उठणारा विद्युतचुंबकीय गोंगाट त्याच्या तारांत शिरतो, आणि शिल्डिंग, केबलची लांबी, अर्थिंग यांवरच बराच वेळ जातो.