हृदयाचे ठोके हवेतून: वायरलेस मॉनिटरची पार्श्वभूमी

डॉक्टर पेशंटला ‘चोवीस तास होल्टर लावू या’ म्हणतात (होल्टर म्हणजे अंगावर बाळगायचं, सतत ईसीजी टिपणारं यंत्र), तेव्हा ते एका माणसाचं आडनाव घेत असतात. नॉर्मन होल्टर अमेरिकेतल्या माँटाना राज्यातल्या हेलेना गावचे. माणूस पलंगावर निजलेला असतानाच त्याचा ईसीजी का काढायचा, चालताना, कामात असताना का नाही, हा त्यांचा ध्यास होता. १९४७ मध्ये त्यांनी ईसीजी रेडिओलहरींवरून पाठवून दाखवला. ते यंत्र जवळपास ३८ किलोचं होतं आणि पाठीवर बांधावं लागे.

त्याआधी १९०५ मध्ये ईसीजीचे जनक आइनथोवेन यांनी नेदरलँड्समधल्या लायडनच्या रुग्णालयातून दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत ईसीजी पाठवला होता, पण टेलिफोनच्या तारेतून. १९६१ मध्ये पहिले अंतराळवीर गागारिन यांचे ठोके थेट अंतराळातून जमिनीवर आले.

ट्रान्झिस्टरमुळे यंत्र खिशात मावू लागलं. छातीला इलेक्ट्रोड चिकटवलेले, गाउनच्या खिशात ईसीजी रेडिओलहरींवरून पाठवणारी डबी, पेशंट व्हरांड्यात फेऱ्या मारतोय आणि सिस्टरच्या टेबलावरच्या पडद्यावर त्याची रेघ धावतेय. ठोके बिघडले की अलार्म. पण या डब्या अमेरिकेत टीव्हीच्या रिकाम्या चॅनेलवर चालत. त्या लहरींवर त्यांचा हक्क नव्हता, त्या चॅनेलवर टीव्हीचं प्रक्षेपण आलं की त्याचा अडथळा त्यांनी सोसायचा, असा नियम होता.

२७ फेब्रुवारी १९९८ रोजी टीव्ही आलाच. डॅलसमधल्या एका टीव्ही केंद्राने डिजिटल प्रक्षेपणाची चाचणी सुरू केली आणि बेलर रुग्णालयातले काही हार्ट मॉनिटर बंद पडले. चूक कुणाचीच नव्हती, सगळं नियमात बसत होतं. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. या सगळ्या इतिहासात मला हाच दिवस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अलार्म कितीही हुशार असो, त्याला हवेत मोकळी वाट हवी, हे त्या दिवशी पटलं.

२००० मध्ये अमेरिकी सरकारने या मॉनिटरना स्वतःच्या लहरी दिल्या. त्यातला एक पट्टा ६०८ ते ६१४ मेगाहर्ट्झचा, म्हणजे टीव्हीचा चॅनेल ३७. तो रिकामा होता, कारण रेडिओ खगोलशास्त्रासाठी राखून ठेवलेला होता. आपल्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीनेही ६१० मेगाहर्ट्झच्या आसपास वर्षानुवर्षं आकाश ऐकलं आहे. ताऱ्यांसाठी जपलेली शांतता अशी आजाऱ्यांच्या कामी आली.

२०१२ मध्ये अंगावरच्या छोट्या सेन्सरसाठी २३६० ते २४०० मेगाहर्ट्झचा पट्टा मिळाला. त्यातला २३९० पर्यंतचा भाग विमानांच्या चाचण्यांसोबत वाटून घ्यायचा, म्हणून तो रुग्णालयाच्या इमारतीतच वापरायचा. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये आणि घरी वरचे दहा मेगाहर्ट्झ तेवढे.