ओपन स्पेस कुणाचा? कोल्हापुरातल्या कॉलनी समित्यांची पार्श्वभूमी

फुलेवाडी रिंगरोडने किंवा देवकर पाणंदीने आत वळले, की बहुतेक कॉलन्यांच्या तोंडाशी एक लोखंडी कमान लागते. वर कॉलनीचे नाव, खाली बारीक अक्षरांत 'सौजन्य' आणि त्यापुढे पुष्कळदा खरवडून काढलेली कोरी पट्टी. नगरसेवक बदलला, की नाव जाते, कमान राहते. त्या कमानीच्या आत काम करणारी जी मंडळी असते, तिला कुणी नागरी कृती समिती म्हणतात, कुणी रहिवासी संघ, कुणी नुसते 'मंडळ'. कागदावर यांचे नाते कशाशी आहे, हे स्वतः कार्यकर्त्यांनाही नीट सांगता येत नाही. त्याला कारण आहे.

जुन्या शहरातल्या पेठांत समितीचे काम तालीम करायची, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याभोवती जमलेली गल्लीची संघटना. तालमींचा सगळा इतिहास इथे सांगत बसायला नको. एवढेच लक्षात घ्यायचे, की पेठेतल्या माणसाला वेगळी समिती काढायची कधी गरज पडली नाही. शिवाजी पेठ असो, मंगळवार पेठ असो, उत्तरेश्वर असो, तालमीला स्वतःची इमारत होती, चौक होता. मयताची तयारी, भाऊबंदकीची बोलणी, गणपतीची वर्गणी, फुटबॉलची टीम हे सगळे तिथेच ठरायचे. नळाला पाणी आले नाही, तर तालमीतली चार पोरे जाऊन सांगायची आणि काम व्हायचे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानंतर अनेकांनी नोंदणी केली आणि नावापुढे 'मंडळ' लागले. व्यवहार होता तसाच चालू राहिला. शाहूपुरी आणि राजारामपुरी या वसाहती संस्थानी काळात आधी आखल्या गेल्या आणि मग बांधल्या गेल्या. म्हणून तिथे आजही पत्ता गल्लीच्या नंबरावर सांगता येतो. कुठली जागा रस्त्याची आणि कुठली घराची, हा वाद तिथे तुलनेने कमी.

खरी गोष्ट सुरू होते ती त्यानंतर. नगरपालिका १८५४ ची, महापालिका झाली डिसेंबर १९७२ मध्ये. पुढच्या तीन दशकांत शहराच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला उसाच्या शेतांत प्लॉट पडत गेले. राधानगरी, भुदरगड, कागलकडून नोकरीसाठी आलेले शिक्षक, एस.टी.तले, बँकेतले, एमआयडीसीतले कामगार पतसंस्थेचे कर्ज काढून दोन-अडीच गुंठे घ्यायचे आणि एक खोली उभी करून राहायला जायचे. रस्ता म्हणजे जुनी पाणंद. पावसाळ्यात सायकल खांद्यावर घ्यावी लागायची. पाण्यासाठी टँकर, नाहीतर सगळ्यांत मिळून एक बोअर. बहुतेक समित्यांचा जन्म त्या बोअरच्या वर्गणीत आहे. कुणाच्या तरी घरी अजून ते पहिले पावती पुस्तक सापडते. कार्बन लावून फाडलेल्या निळ्या पावत्या, रकमेपुढे 'अक्षरी' आणि नावाऐवजी प्लॉट नंबर, कारण माणसे एकमेकांना अजून ओळखत नव्हती.

इथे तालमीशी असलेला फरक उघडा पडतो. तालमीला जागा आधी होती, संघटना मागून आली. कॉलनीत माणसे आधी आली, आणि बसायला जागा म्हणून त्यांनी नकाशावरच्या एका चौकोनाकडे बोट दाखवले. त्या चौकोनात लिहिलेले असे: खुली जागा. बोलण्यात ओपन स्पेस.

हा शब्द जितका सोपा वाटतो, तितका नाही, आणि समित्यांची निम्मी शक्ती याच एका शब्दात खर्च झाली आहे. नियम साधा आहे. ठरावीक आकाराच्या वरच्या जमिनीचे रेखांकन, म्हणजे प्लॉट-रस्त्यांचा ले-आऊट, मंजूर करून घेताना १० टक्के क्षेत्र मोकळे सोडायचे. आज ही मर्यादा ४,००० चौरस मीटरची आहे, म्हणजे जवळजवळ एकर. एकराचे गुंठे चाळीस, तर मोकळे सोडायचे चार. ही जागा सर्व रहिवाशांच्या सामायिक वापरासाठी राहील, असे हमीपत्र जमीनमालकाने द्यायचे. इथपर्यंत भांडण नाही.

भांडण पुढे आहे. प्लॉट विकले गेले, प्रत्येकाचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका वेगळी झाली, पण त्या चार गुंठ्यांचे काय? ते कुणी विकत घेतलेले नसतात, त्यामुळे कित्येक ठिकाणी उताऱ्यावर मूळ मालकाचेच नाव राहून गेले. वीस-पंचवीस वर्षांनी मालक वारतात, वारसांच्या नोंदी होतात, आणि एके सकाळी मुलाच्या मुलाला कळते, की भर वस्तीत आपल्या नावावर चार गुंठे आहेत. तो कुंपण घालायला येतो. प्लॉटधारक म्हणतात, आम्ही प्लॉटचा दर दिला, त्यात हे आले. पालिकेकडे जावे तर उत्तर असे, की जागा रीतसर हस्तांतरित झाली असेल तरच आम्ही बोलणार. आणि या तिघांच्या आधीच तिथे कुणीतरी गणपतीचा मांडव घालून, पत्र्याची खोली करून 'अमुक तरुण मंडळ' असा बोर्ड लावलेला असतो.

या चौघांपैकी बरोबर कोण, हे प्रत्येक ले-आऊटच्या मंजुरीपत्रातल्या अटींवर अवलंबून असते. पण ते पत्र समितीकडे जवळपास कधीच नसते. कॉलनीतल्या सगळ्यात जुन्या घरात विचारावे, तर खरेदीखत मिळते, नकाशाची चौथी-पाचवी झेरॉक्स मिळते, जिच्यावर खुल्या जागेची रेघ पुसट होऊन रस्त्यात मिसळलेली असते. ज्या समित्यांनी नव्वदच्या दशकातच हे कागद गोळा करून नोंदणी करून घेतली, त्यांच्याकडे आज बाग आहे. ज्यांनी नुसती हळदी-कुंकू आणि कोजागरी केली, त्यांच्याकडे खटला आहे. हे थोडे कठोर वाटेल, पण फिरून पाहिले तर चित्र असेच दिसते.

दुसरा पेच बांधकामाचा. खुल्या जागेचा थोडा हिस्सा सामायिक उपयोगाच्या बांधकामाला वापरता येतो. या 'थोड्या'ची व्याख्या ज्याने त्याने आपल्या सोयीने केली. आमदार फंडातून समाजमंदिर, नगरसेवक फंडातून विरंगुळा केंद्र, वर्गणीतून मंदिर, मग मंदिरापुढे शेड, शेडला ग्रिल. चार गुंठ्यांतला मोकळा भाग घसरगुंडीपुरता उरला. ज्येष्ठांना बसायला केंद्र हवे, पोरांना क्रिकेटला पट्टी हवी, महिला मंडळाला भिशीला हॉल हवा. फुटलेल्या समित्यांतल्या पुष्कळशा या हॉलच्या किल्लीवरून फुटल्या आहेत.

आणि जिथे रेखांकनच झाले नाही, तिथे हा वादही करता येत नाही. मालकाने तोंडी मोजणी करून गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या वस्त्यांत मोकळी जागा शून्य. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने आधी झालेली अशी बांधकामे नियमित करून घेण्याचा मार्ग दिला आणि पुढे २०२१ मधल्या दुरुस्तीने ती सोय २०२० अखेरपर्यंतच्या प्लॉटांना लागू झाली. घर वाचले, हे चांगलेच झाले. बाग मात्र कुठल्याही दुरुस्तीने येत नाही. म्हणून गुंठेवारीतल्या समितीची मागणी आजही रस्ता, गटर, दिवा यापुढे जात नाही, आणि मंजूर ले-आऊटमधले त्यांना 'यांना विकास कळत नाही' म्हणतात, ते अन्यायाचे आहे.

कायद्याने समित्यांना बसायला खुर्ची देण्याचा प्रयत्नही झाला होता. ७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या, राज्याने २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद केली. म्हणजे ग्रामसभेसारखी मतदारांची बैठक, थेट भागात. कोल्हापुरात चार विभागीय कार्यालये आहेत. तिथे निवेदन देता येते, शिक्का मारलेली पोहोच मिळते. क्षेत्रसभा भरल्याचे मात्र कुणी सांगत नाही. नगरसेवकाला ती नको असणे समजू शकते. समित्यांनीही ती कधी जोर लावून मागितली नाही, हे जास्त आश्चर्याचे.

या सगळ्या विखुरलेल्या मंडळींना एकत्र आणले ते टोलने. एकात्मिक रस्ते विकास प्रकल्पातून सुमारे ५० किलोमीटरचे रस्ते, खर्च २२० कोटींच्या घरात, बदल्यात ३० वर्षे टोल. त्यात टेंबलाईवाडीची मोठी जागा ९९ वर्षांच्या कराराने ठेकेदाराकडे. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली, जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. मोर्च्यांत पक्षांचे झेंडे पुढे होते, फोटो त्यांचेच छापून आले. पण रस्त्याची अर्धवट कामे, न हलवलेले विजेचे खांब, गटाराच्या वर आलेले फूटपाथ यांच्या याद्या तयार केल्या त्या कॉलन्यांतल्या निवृत्त माणसांनी. कुणी जुना ओव्हरसिअर टेप घेऊन रुंदी मोजायचा, दुसरा वहीत उतरवायचा. टेंबलाईवाडीच्या जागेवरचा राग त्यांना समजावून सांगावा लागला नाही. सार्वजनिक जागा कागदावरून कशी निसटते, हे त्यांनी आपल्या चार गुंठ्यांवर पाहिलेले होते.

टोलने जोडलेले हद्दवाढीने, म्हणजे शेजारची गावे महापालिकेत घेण्याच्या प्रश्नाने, तोडले. शहराचे क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर, महापालिका झाल्यापासून ते वाढलेले नाही. पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव, उजळाईवाडी या गावांत राहणारी माणसे रोज शहरात येतात, केएमटीने, म्हणजे महापालिकेच्या बसने, फिरतात, पोरांना इथल्या शाळेत घालतात. शहरातल्या समित्यांचे म्हणणे, आमचा घरफाळा, तुमचा वापर. गावातल्या कॉलन्यांचे म्हणणे, तुमच्याच उपनगरांत पंचवीस वर्षांत धड रस्ता नाही, तिथे आम्ही कशाला यायचे? माझ्या मते दुसरे म्हणणे जास्त टोचणारे होते, कारण त्याला उत्तर नव्हते. २०१६ मध्ये १८ गावांच्या प्रस्तावावरून दोन्ही बाजूंनी बंद, उपोषणे झाली. तोडगा म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांचे विकास प्राधिकरण स्थापन झाले. हद्दीबाहेरच्या समितीला आता बांधकाम परवानगीसाठी प्राधिकरण, पाण्यासाठी ग्रामपंचायत किंवा राज्याचे जीवन प्राधिकरण आणि रस्त्यासाठी जिल्हा परिषद असे तीन उंबरे आहेत. रस्त्याच्या एका बाजूचा दिवा शहराचा आणि दुसऱ्या बाजूचा गावाचा, अशी ठिकाणे हद्दीवर फिरताना सहज दिसतात. दोन्ही बंद असतात, तेव्हा तक्रार कुणी करायची, यावर आधी बैठक होते.

नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिका सभागृहाची मुदत संपली आणि पाच वर्षे प्रशासक राहिला. या काळात समित्यांचे वजन वाढले, असे त्या स्वतः म्हणतात. नगरसेवक नसल्यामुळे लोक समितीच्याच दारात आले, एवढे खरे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून बरीच वर मजल मारली, तेव्हा कुठल्या गल्लीत कुणाची आई आजारी आहे, कुणाकडे जनावर आहे, याची माहिती याच मंडळींकडे होती. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाईपलाईनने शहरात आले. बोअरवर जन्मलेल्या समित्यांचे पहिले काम तिथे संपायला हवे होते. वितरणाच्या जुन्या नळांमुळे टाक्यांपासून लांबच्या कॉलन्यांत ते संपलेले नाही.

जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत ८१ एकसदस्यीय प्रभागांच्या जागी बहुसदस्यीय प्रभाग आले. नगरसेवकांची संख्या तेवढीच, पण एका प्रभागाला साधारण चार. पूर्वी कमानीवर एक नाव खरवडायचे असे. आता समितीचा सचिव निवेदनाच्या चार प्रती काढतो, पाचवी विभागीय कार्यालयाला आणि सहावी पोहोचेसाठी.